गल्ली सोडण्याआधीची तयारी

बेळगावातलं वडगाव सोडून पुण्याला जायचं ठरलं तेव्हा मी आधी कागदपत्रांची यादी केली. आईनं ती चष्मा लावून वाचली आणि विचारलं, "ह्यात आपली गल्ली कुठं हाय?" मग त्याच कागदाच्या मागच्या बाजूला दुसरी यादी सुरू झाली. बेळगावातून बाहेर पडणाऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून दोन्ही बाजू इथं लिहितोय.

सुरुवात किमान तीन आठवडे आधी करा. शेवटच्या आठवड्यात खोकी आणि टेम्पोवाल्याचे फोन यांच्यातून डोकं वर निघत नाही. म्हणून कागद पहिल्या चार-पाच दिवसांत उरका. मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला, गॅसची बदली, हेस्कॉमचं म्हणजे विजेचं शेवटचं बिल. जन्मदाखल्यावर कन्नडबरोबर इंग्रजी मजकूर आहे ना, तेवढं नीट बघा, तिकडच्या शाळेत तो लागतो. गाडी केए २२ ची, म्हणजे बेळगावच्या नंबरची असेल तर आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र इथूनच काढून न्या, कारण दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर तिथं नोंदणी करावी लागते. सार्वजनिक वाचनालयाची पुस्तकं परत करायला मात्र मुलांना सोबत न्या. १८४८ पासून चाललेली ती संस्था आहे; आपण तिचे वाचक होतो हे मुलांना ठाऊक असू दे.

आता मागची बाजू. घरातल्या प्रत्येकाला एकेक दिवस द्या, आणि त्या दिवशी कुठं जायचं ते त्यानंच ठरवू दे. मोठ्यांनी ठरवलं की सहल होते. मुलानं येळ्ळूरचा राजहंसगड किल्ला मागितला. पहाटे गेलो. खाली येळ्ळूरच्या शिवारात पावसाळ्याआधीची धूळवाफ पेरणी, कोरड्या मातीतली, चालली होती, आणि येताना त्यानं बांधावरची मूठभर माती कागदात बांधून घेतली. बायकोला किल्ल्यातली कमल बस्ती बघायची होती. १२०४ सालचं ते जैन मंदिर, आणि पंधरा वर्षं बेळगावात राहून आम्ही कधी मान वर करून त्या छतातलं दगडी कमळ निवांत बघितलं नव्हतं. आईनं फक्त कपिलेश्वराचं देऊळ आणि खडेबाजार सांगितला. रिक्षा करू म्हटलं तर नको म्हणाली. शहापुरातून उड्डाणपुलाखालपर्यंत तिच्या चालीनं चालत गेलो. वाटेत तिला सात माणसं भेटली. आईवडील वयस्कर असतील तर त्यांच्या दिवसाला दुप्पट वेळ धरा.

मुलीनं कुठलंच ठिकाण मागितलं नाही. तिला शेजारच्या अण्णांच्या मागाजवळ बसायचं होतं. आमच्या भिंतीला लागूनच त्यांचा पॉवरलूम. ती पाळण्यात होती तेव्हापासून त्या खटखटीवरच झोपते. वीज जाऊन माग थांबला की दचकून जागी व्हायची. त्या दिवशी अण्णांनी तिला कांडी भरायला दिली. सूत दोनदा तुटलं. अण्णांनी काही न बोलता बोटाला थुंकी लावून गाठ मारली आणि कांडी परत तिच्या हातात ठेवली. संध्याकाळी धोट्यातली ती कांडी साडीत उतरताना तिनं उभं राहून बघितली. मी फोनवर मागाचा आवाज पाच मिनिटं भरून घेतला. तुमच्या घराला असा एखादा आवाज असेलच, रेल्वे गेटची घंटा असेल किंवा पहाटेची भजनं. तो भरून घ्या. फोटो सगळेच काढतात.

शेजाऱ्यांची भांडी शोधून काढा. आमच्याकडे अक्कांचे दोन डबे आणि एक पितळी पातेलं निघालं. रिकामं परत देऊ नका. आईनं पातेल्यात खीर करून दिली. अक्का घरी कन्नड बोलतात, आमच्याशी मराठी. आई त्यांच्याशी मराठीत सुरू करून कन्नडमध्ये कधी जाते ते तिचं तिलाही कळत नाही. दोघी उंबऱ्यावर बसल्या होत्या, तेव्हा मुलांना मी आत बोलावलं नाही. "ऊटा आयता?" हे रोज संध्याकाळी ज्यांना कुणीतरी विचारत होतं, त्यांनी ते पोटभर ऐकून घ्यावं. पुण्यात जेवलास का म्हणून विचारणारे भेटतील, पण ह्या शब्दांत नाहीत.

दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा असतील तर रंगवायच्या आधी त्यावर लांब कागद धरून उतरवून घ्या. तुळशीचं वृंदावन न्यायला जमणार नाही. मंजिऱ्या सुकवून पुडीत बांधा. कुंदा, म्हणजे बेळगावची ती दुधाची मिठाई, निघायच्या दिवशीच घ्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा, टेम्पोत नको.

जमलं तर निघायची तारीख शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीनंतरची धरा. वैशाखातली ती रात्र मुलांना पूर्ण जागू द्या. आम्हाला ती मिळाली. वडगावच्या मंगाई देवीची यात्रा मात्र आषाढात, म्हणजे तोवर आम्ही गेलेले असणार, आणि आईला सगळ्यात जास्त तेच लागलंय. म्हणून यादीत शेवटी लिहून ठेवलंय: नव्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात यात्रेच्या रजेचा अर्ज द्यायचा. अक्कांनी गाद्या काढून ठेवते म्हणून सांगितलंय.