ऊन राखेत कसं पुरावं

आमच्या सांगोला तालुक्यात ऊन मागायला जावं लागत नाही. म्हणून आठवीला उष्णता शिकवताना मी दर फेब्रुवारीत मैदानावर आरशांचं शेत मांडते. दुपारचं ऊन एका लोखंडी मापात, म्हणजे तागडीत ठेवतात त्या वजनात, भरायचं, राखेत पुरून ठेवायचं आणि शाळा सुटताना ते वापरायचं, एवढाच खेळ. स्पेनमध्ये सेव्हिल आणि कॉर्दोबाच्या मधे हेमासोलार नावाचं वीजकेंद्र २०११ पासून हेच करतं. २,६५० आरसे, त्यांचं ऊन झेलणारा १४० मीटरचा मनोरा, आणि लोखंडाऐवजी वितळलेलं मीठ. आपल्याकडे माउंट अबूच्या पायथ्याशी ब्रह्माकुमारींचा 'इंडिया वन' प्रकल्प आहे. तिथे मनोरा नाही, आरशांच्या ७७० मोठ्या तबकड्या आहेत, पण उष्णता साठते ती बिडाच्या लोखंडातच.

काचवाल्याकडून १० सेंटिमीटर चौरस साधे सपाट आरसे कापून घ्या, छत्तीस. कडा ओल्या दगडावर घासा, नाहीतर पहिल्या दहा मिनिटांत कुणाचं तरी बोट कापतं. मोटारसायकलचे आरसे फुकट मिळाले तरी घेऊ नका, ते बहुधा फुगीर असतात आणि ऊन फाकवतात. पाण्याच्या बाटल्यांची बुडं कापून त्यांत सिमेंट भरा, ओलं असतानाच जाड ॲल्युमिनियमची तार उभी खोचा आणि तारेच्या टोकाला प्लायचा तुकडा अडकवून त्यावर आरसा चिकटवा. ही तार हातानं वाकते आणि वाकवली तिथेच राहते.

दहा किलोचं माप भंगारात मिळतं. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून त्याला कुणी विचारत नाही. त्याच्या सपाट बुडाला सायलेन्सरला मारतात तो काळा रंग द्या. फळ्याचा रंग मी एकदा दिला होता, तो तापल्यावर असा वास मारायला लागला की मुख्याध्यापक बाहेर आले. कमरेएवढा विटांचा ओटा रचून त्यावर माप आडवं ठेवा, काळं बूड उत्तरेकडे. मागे आणि बाजूंनी ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस. पहिल्या वर्षी मी थर्मोकोल लावला होता. तो आक्रसून, वितळून मापाला चिकटला. मापामागे चुना फासलेला पत्रा उभा करा, चुकलेले कवडसे त्यावर लगेच दिसतात.

आरसे ओट्याच्या उत्तरेला, दोनेक मीटरवर, कमानीत मांडा. आपल्याकडे या दिवसांत सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो. आरसा उत्तरेला असला की सूर्य आणि माप दोन्ही त्याच्या समोर येतात, आरशाला फार तिरकं व्हावं लागत नाही. सेव्हिलजवळच्याच पीएस-१० या दुसऱ्या वीजकेंद्राच्या मनोऱ्याचे ६२४ आरसे याच कारणासाठी उत्तरेच्या बाजूला आहेत.

आता नेम. पोरं आरसा सूर्याकडे तोंड करून धरतात, ते चूक. आरशाचं तोंड सूर्य आणि माप यांच्या बरोब्बर मधे हवं. कवडसा आधी जमिनीवर पाडा, मग हळूहळू चढवत मापावर न्या. छत्तीस कवडशांतला आपला कुठला? आपल्या आरशावर हात धरा. जो विझला तो आपला. एका पोराकडे तीन आरसे, म्हणजे बारा पोरं पुरतात. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो आणि दोन मीटरवर कवडसा तेवढ्यात साडेतीन सेंटिमीटर घसरतो. त्यामुळे दर चार-पाच मिनिटांनी मी शिट्टी वाजवते आणि सगळे आपापले आरसे सारखे करतात. हेमासोलारमध्ये हे काम मोटारी करतात.

डोळ्यांचं मी दोनदा सांगते. तापणाऱ्या मापाकडे उघड्या डोळ्यांनी पाहायचं नाही. जवळ जाणाऱ्यानं वेल्डिंगचा चष्मा लावायचा. मधल्या सुट्टीत सगळे आरसे जमिनीकडे वळवायचे. एका वर्षी आम्ही ते विसरलो. सूर्य पश्चिमेला सरकतो तसे कवडसे पूर्वेला सरकतात, आणि ओट्याच्या पूर्वेला कुणीतरी गोणपाट टाकलं होतं. डबे खाऊन आलो तर ते काळं पडून धुमसत होतं.

मापाचं तापमान पाहायला मल्टिमीटरसोबत मिळणारी थर्मोकपलची तार घ्या. कोरोनात कपाळावर धरायची ती बंदूक चालत नाही, तिला तापाच्या पलीकडचं कळत नाही. गेल्या वर्षी आमचं माप दीड तासात १४० अंशांवर गेलं. वाऱ्याच्या दिवशी वेळ लागतो.

खरं काम यापुढे आहे, आणि बहुतेक जण इथेच कंटाळा करतात. आरशांवर एक दिवस घालवलात तर राखेवर दोन घालवा. माझी आजी रात्री चुलीतला निखारा राखेत पुरून ठेवायची आणि सकाळी फुंकर घालून विस्तव करायची. तीच राख, चाळून, पूर्ण कोरडी करून घ्या. ओली राख उष्णता पळवते. मोठ्या माठात तळाला वीतभर राख, त्यावर माप (चिमटा आणि जाड हातमोजे, दोन मोठी माणसं), सगळीकडून वीतभर राख, वर झाकण आणि गोधडी. आम्ही शेजारी तसंच तापवलेलं दुसरं माप उघडं ठेवलं होतं. तीन तासांनी उघडं ४५ अंशांवर आलं होतं, राखेतलं ९६ वर होतं. ते दोन लिटर पाण्यात सोडलं. पाणी २८ वरून ५१ वर गेलं. १०० च्या वर असेल तर मात्र पाण्यात सोडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं.

मग स्पेनवाल्यांना मीठ का लागतं? लोखंड नळातून वाहत नाही. तिथे सोडियम नायट्रेट ६० टक्के आणि पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आपला सोरा, ४० टक्के असं मिश्रण २९० अंशांवर मनोऱ्यात चढतं आणि ५६५ वर खाली येतं. २४० च्या खाली गेलं की ते गोठायला लागतं, म्हणून 'थंड' टाकीसुद्धा हात लावण्यासारखी नसते. पोरांकडून फळ्यावर हिशेब करून घ्या: एका किलोला एक अंशासाठी दीड किलोज्यूल, फरक २७५ अंशांचा, म्हणजे टनाला सुमारे ११५ युनिट उष्णता, आणि टर्बाइनमधून त्यातली ४५ च्या आसपास वीज. सोरा वितळवण्याचा प्रयोग मात्र शाळेत मुळीच करू नका, तो आग भडकवतो.

आमच्या मापाची उष्णता तीन तासांत बरीचशी जाते, त्या मोठ्या टाकीची दिवसाला जेमतेम एखादा-दोन अंश. उष्णता पोटात साठते आणि कातडीतून पळते, आणि लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली की पोट आठपट होतं आणि कातडी चौपटच. यंदा भंगारवाल्याला वीस किलोचं माप सांगून ठेवलंय, आणि राखेसाठी गावातल्या तीन चुली.