‘साधारण’ म्हणजे किती? सीमाभागातील एका परिचारिकेची संशोधनाची वाट

लेबर रूममधील माझी नोकरी सुरू होऊन तीन महिने झाले होते. सकाळच्या हँडओव्हरला मी एका बाळंतिणीविषयी ‘रक्तस्राव साधारण’ असे सांगितले, तेव्हा वरिष्ठ सिस्टरांनी शांतपणे विचारले, “साधारण म्हणजे किती?” मला उत्तर देता आले नाही. आम्ही सगळ्याच जणी चादर आणि पॅड पाहून अंदाज लिहीत होतो आणि तो अंदाज केसपेपरवर नोंद म्हणून कायम होत होता. नर्सिंगमध्ये संशोधन करू इच्छिणाऱ्या मुली मला विषय कुठून आणावा असे विचारतात, तेव्हा मला ही सकाळ आठवते.

पुढे एम.एस्सी.ला गेल्यावर ग्रंथालयात कळले की हा प्रश्न आमच्याच जिल्ह्यात मोजून झालेला आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांसह २००२ ते २००५ या काळात घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १६२० स्त्रियांचा अभ्यास केला. एका गटाला बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी मिसोप्रोस्टॉल या औषधाची ६०० मायक्रोग्रॅम मात्रा तोंडाने दिली आणि दुसऱ्या गटाला तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. ५०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्तस्राव होण्याचे प्रमाण दुसऱ्या गटात १२ टक्के होते, तर मिसोप्रोस्टॉल घेतलेल्या गटात ते ६.४ टक्के निघाले. हे निष्कर्ष २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच उपयोगासाठी हे औषध आवश्यक औषधांच्या यादीत घातले. रक्त मोजण्यासाठी खुणा असलेली, बाळंतिणीखाली पसरायची प्लास्टिकची ड्रेप याच कामाच्या निमित्ताने तयार झाली होती. डोळ्यांनी केलेला अंदाज त्या ड्रेपमधील मापापेक्षा सुमारे ३३ टक्क्यांनी कमी भरतो, हेही इथेच दिसून आले. म्हणजे माझ्या ‘साधारण’मध्ये एक तृतीयांश रक्त हिशेबाबाहेर राहत असण्याची शक्यता होती. अशा मोजमापाच्या ड्रेपवर आधारलेला मोठा अभ्यास २०२३ मध्ये आफ्रिकेतील चार देशांतून प्रसिद्ध झाला, तेव्हा मला या साऱ्याचा अभिमान वाटला.

त्या बेळगावच्या अभ्यासात गोळी देणाऱ्या ए.एन.एम., म्हणजे गावपातळीवरच्या साहाय्यक परिचारिका-प्रसाविका होत्या. आपल्या हातांशिवाय असे संशोधन उभेच राहत नाही, मात्र प्रश्न ठरवण्याच्या टेबलावर आपण क्वचितच असतो. नव्याने येणाऱ्या मुलींनी माहिती गोळा करण्यापासून प्रश्न विचारण्यापर्यंतचे अंतर जाणीवपूर्वक कापावे, असे मला मनापासून वाटते.

औपचारिक मार्ग थोडक्यात सांगते. चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग, किंवा जी.एन.एम. या नर्सिंगच्या पदविकेनंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी., किमान एक वर्षाचा अनुभव आणि मग दोन वर्षांचे एम.एस्सी., ज्यात प्रबंध सक्तीचा असतो. एम.एस्सी.च्या आधीची वॉर्डमधील वर्षे वाया गेली असे समजू नका. माझे पुढचे सगळे प्रश्न त्याच वर्षांतले आहेत.

प्रबंधाच्या विषयाबाबत मात्र सविस्तर बोलले पाहिजे. कोणत्याही नर्सिंग कॉलेजच्या ग्रंथालयातील प्रबंधांच्या रांगेवरून नजर फिरवली, तर ‘अमुक विषयावरील संरचित शिक्षण कार्यक्रमाचा ज्ञानावर होणारा परिणाम’ अशीच शीर्षके पुन्हा पुन्हा दिसतात. एकच गट घ्यायचा, पूर्वचाचणी घ्यायची, तासभर शिकवायचे आणि आठवड्याने तीच प्रश्नपत्रिका पुन्हा द्यायची. गुण वाढतातच, कारण प्रश्न ओळखीचे झालेले असतात आणि तुलनेला दुसरा गट नसतो. शिवाय ज्ञान वाढले म्हणून वागणे बदलले असे होत नाही. हात धुण्याची सहा पावले तोंडपाठ असलेली माणसेही गर्दीच्या ड्यूटीत हात धुवायचे विसरतात. हा आराखडा वेळेत पूर्ण होतो, म्हणून गाइड तो सुचवतात आणि त्यांची अडचण मला समजते. पण संशोधनातच पुढे जायचे असेल, तर पहिल्याच कामात निदान एक गोष्ट प्रत्यक्ष पाहून मोजण्याचा आग्रह धरा.

माझा विषय बाळंतपणानंतरच्या मानसिक खिन्नतेचा होता. त्यासाठी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली एडिनबरो मापनश्रेणी वापरायची होती. तिच्यात दहा प्रश्न आहेत, मागच्या सात दिवसांविषयी विचारायचे असते आणि एकूण गुण शून्य ते तीस असतात. मराठी भाषांतर मी स्वतः केले, दुसऱ्या व्यक्तीकडून त्याचे पुन्हा इंग्रजी करून घेतले, ते मुळाशी जुळले, तज्ज्ञांच्या सह्या झाल्या आणि मी निर्धास्त झाले. सहाव्या प्रश्नाचा आशय असा आहे की रोजच्या गोष्टी आपल्याला झेपेनाशा झाल्या आहेत का. मी लिहिले होते, ‘परिस्थिती माझ्यावर मात करत आहे.’ पायलट स्टडीत, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणी-अभ्यासात, खानापूर भागातील एका बाळंतिणीने उत्तर दिले, “नाही सिस्टर, आमची परिस्थिती तशी बरी आहे. दोन एकर रान आहे, मालक कामाला जातात.” पुढच्या तिघींनीही घरच्या पैशापाण्याचेच सांगितले.

आपल्याकडे ‘परिस्थिती’ म्हणजे आर्थिक परिस्थिती, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण कागदावर बसल्यावर मी माझ्या आईच्या मराठीतून उठून पाठ्यपुस्तकाच्या मराठीत जाऊन बसले होते. उलट भाषांतराने ही चूक पकडली गेली नाही, कारण ते करणारी व्यक्तीही पुस्तकी मराठीच वाचत होती. म्हणून भाषांतर झाल्यावर आठ-दहा बायकांसमोर प्रत्येक प्रश्न वाचा आणि ‘यात काय विचारलंय, ते तुमच्या शब्दांत सांगा’ असे म्हणा. त्या सांगतील तसे शब्द बदला. आमचे वाक्य शेवटी एका आजीच्या तोंडून मिळाले: ‘हातून काही उरकेना, असं होतं का?’ मूळ श्रेणीच्या हक्कधारकांच्या अटी आधी वाचाव्यात आणि बदललेल्या आवृत्तीची विश्वसनीयता पुन्हा तपासावी, हे ओघाने आलेच.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. घरात मराठी बोलणाऱ्या अनेक तरुण स्त्रियांचे शिक्षण कन्नड माध्यमात झालेले असते. त्यांना वाचायला कन्नड सोपे जाते आणि मनातले सांगायला मराठी. म्हणून संमतीपत्र दोन्ही भाषांत तयार ठेवावे आणि मुलाखत कोणत्या भाषेत हवी, हे त्या स्त्रीलाच विचारावे. माझे कन्नड बाजारापुरते आहे, त्यामुळे कन्नड प्रश्नावली घरात कन्नड बोलणाऱ्या सहकारी सिस्टरांबरोबर बसून पुन्हा मुळापासून बांधली. मराठीवरून कन्नड केले असते, तर माझ्या चुका दोन भाषांत पसरल्या असत्या.

पाठपुराव्यात मी आणखी एक चूक केली. सहा आठवड्यांनी दुसरी मुलाखत घ्यायची होती. तायी कार्डावरील, म्हणजे कर्नाटकात गरोदर स्त्रीला मिळणाऱ्या नोंद कार्डावरील, पत्ता सासरचा होता आणि बाळंतीण माहेरी, तीही अनेकदा चंदगड किंवा गडहिंग्लज तालुक्यात, म्हणजे दुसऱ्या राज्याच्या आरोग्य यंत्रणेत. आपल्याकडे लेकी सीमेच्या दोन्ही बाजूंना दिलेल्या असतात, हे साधे वास्तव मी आराखड्यात धरलेच नव्हते. चौथ्या भागाहून जास्त स्त्रिया निसटल्या. आता पहिल्याच दिवशी माहेरचा आणि सासरचा असे दोन्ही फोन नंबर घेते आणि सव्वा महिन्यानंतर कुठे असाल, हेही विचारते.

संमतीविषयी परिचारिकेने विशेष सावध असावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे शांतपणे वाचा. अंगठा उठवणाऱ्या स्त्रीसाठी निःपक्ष साक्षीदार लागतो, हे त्यांत आहे. पण जी सिस्टर इंजेक्शन देते तिला रुग्ण ‘नाही’ म्हणू शकत नाही, ही गोष्ट वॉर्डमध्ये राहूनच समजते. म्हणून माझ्या ड्यूटीतील स्त्रियांची संमती मी स्वतः घेत नाही.

संख्याशास्त्रज्ञांकडे मास्टर चार्ट (गोळा केलेल्या माहितीचा तक्ता) घेऊन शेवटी जाण्याची पद्धत सोडून द्या. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहिण्यापूर्वी जा. वरच्या अभ्यासात १६२० स्त्रिया का लागल्या, हे स्वतः ताडून पाहा: प्रत्येक गटात तीस जणी असत्या, तर १२ टक्के म्हणजे जेमतेम चार जणी आणि ६.४ टक्के म्हणजे दोन. दोन बाळंतिणींचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो.

प्रबंध झाल्यावर मी एका नियतकालिकाला लेख पाठवला. चार दिवसांत स्वीकृती आली, पैसे मागितले गेले आणि महिन्याच्या पगाराचा मोठा भाग मी भरला. परीक्षकांची एकही सूचना आली नाही, ही धोक्याची खूण मला कळली नाही. ते काम आज कुठल्याही मान्य सूचीत सापडत नाही आणि तोच लेख मला दुसरीकडे देताही येत नाही. नियतकालिक मेडलाइन किंवा डी.ओ.ए.जे. या नियतकालिकांच्या मान्य सूचींमध्ये आहे का, हे त्या सूचींच्या संकेतस्थळांवर जाऊन स्वतः तपासावे. नियतकालिकाच्या पानावरील दाव्यावर विसंबू नये.

पीएच.डी.साठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन वर्षे लागतात आणि स्त्री संशोधकांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते. ही तरतूद विचारून, लेखी मागून घ्यावी लागते. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर इतरांचे प्रबंध पूर्ण वाचायला मिळतात. नोंदणीपूर्वी आपल्या विषयावरील निदान दहा वाचावेत.

माझे सध्याचे काम त्याच खिन्नतेच्या प्रश्नावर, पण सीमेच्या दोन्ही बाजूंच्या बाळंतिणींवर चालू आहे. प्रश्नावली सुधारताना खानापूरच्या एका आणि चंदगडच्या एका ए.एन.एम. बहिणीने इतके योगदान दिले, की आभाराच्या ओळीत त्यांची नावे उरकणे मला पटेना. लेखकत्वाचे आंतरराष्ट्रीय निकष चार आहेत: कामात ठोस वाटा, मसुद्यात लेखनाचा किंवा तपासणीचा भाग, अंतिम मान्यता आणि जबाबदारी. पहिला निकष त्यांनी केव्हाच पूर्ण केला आहे. म्हणून दर शनिवारी दुपारी आम्ही तिघी फोनवर मसुद्याचे एक पान मराठीत मोठ्याने वाचतो, त्या चुका सांगतात आणि मी इंग्रजी दुरुस्त करते. सध्या आम्ही पद्धतीच्या प्रकरणात आहोत.