गॅरेजने काम बिघडवले, बिल फुगवले किंवा गाडी अडवली तर काय करायचे

गाडी दुरुस्तीला सोडताना हातात पडणारे जॉब कार्ड हा तुमचा आणि गॅरेजचा करार असतो. पुढे वाद ग्राहक आयोगात गेला तर तिथे पहिल्यांदा तेच पाहिले जाते: काम काय सांगितले होते, खर्च किती ठरला होता, गाडी कोणत्या अवस्थेत दिली होती. आयोगासमोरचा निकाल मुख्यतः शपथपत्र आणि कागदपत्रांवर लागतो. तुमचे म्हणणे शंभर टक्के खरे असले तरी कागद नसेल तर ते सिद्ध करणे फार अवघड जाते. म्हणून सुरुवात कागदापासून करू, कायदा नंतर.

गाडी सोडताना

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जॉब कार्ड न मागता मिळते. नाक्यावरच्या गॅरेजमध्ये ते मागावे लागते. फोरमनने वहीत चार ओळी लिहिल्या तरी चालते, त्या पानाचा फोटो काढून घ्या. तेही होत नसेल तर स्वतःच व्हॉट्सॲपवर मेसेज टाका: ‘आज सकाळी साडेदहाला गाडी दिली. तक्रार: चढावर ॲक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडते, पण गाडी उचल घेत नाही. ओडोमीटर ६२,४१८. तपासून खर्च कळवा. माझा होकार आल्याशिवाय काम सुरू करू नये.’ समोरून ‘ओके’ आले की काम सुरू होण्याआधीच लेखी पुरावा तयार झाला.

या मेसेजमध्ये ‘क्लचप्लेट बदला’ असे लिहिलेले नाही, हे लक्षात घ्या. लक्षण लिहावे, इलाज लिहू नये. तुम्ही इलाज लिहून दिलात आणि दोष दुसरीकडेच निघाला तर गॅरेजवाला म्हणतो, ‘साहेबांनी सांगितले तेच केले.’ लक्षण लिहिलेत तर दोष शोधण्याची जबाबदारी त्याची राहते, आणि तुम्ही पैसे देता ते त्याच्या कौशल्यासाठीच.

फोटो काढायचे ते चारही बाजूंचे, डॅशबोर्डचे (ओडोमीटर आणि इंधनाचा काटा दिसेल असे), टायरांचे, स्टेपनीचे आणि बॅटरीवरच्या सिरियल नंबरचे. बॅटरी आणि टायर बदलले गेल्याचा संशय नंतर आला तर नंबरशिवाय काहीही सिद्ध होत नाही.

जादा कामाला होकार देताना

गाडी खोलल्यावर ‘आणखी एक काम निघालंय’ असा फोन येतो. तो दर वेळी खोटा असतो असे नाही, गिअरबॉक्स उतरवल्यावरच दिसणारे दोष असतात. पण होकार फोनवर देऊ नका. सुट्या भागाचे नाव, तो कंपनीचा ओरिजिनल की लोकल, त्याची किंमत आणि लेबर वेगळे, एवढे मेसेजवर मागवा आणि मेसेजवरच होकार द्या. जुना भाग परत हवा, हेही तिथेच लिहा. काढलेला जुना भाग तुमच्या मालकीचा असतो. वॉरंटीत बदललेला भाग कंपनी घेते आणि विम्याच्या दाव्यात बदललेला भाग विमा कंपनी सॅल्व्हेज म्हणून मागू शकते. हे दोन प्रसंग सोडले तर ‘भंगारात गेला’ हे उत्तर मान्य करू नका. जुना किंवा रिकंडिशन केलेला भाग नवा म्हणून विकणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे.

बिल हातात आल्यावर

पैसे देण्याआधी नव्या भागाचे खोके मागा. सीलबंद पाकिटातल्या सुट्या भागावर छापील कमाल किंमत असते आणि त्यात सर्व कर धरलेले असतात. बिलात मूळ किंमत आणि जीएसटी वेगळा दाखवलेला असला तरी दोन्हींची बेरीज छापील किमतीच्या वर जाता कामा नये. पाकिटावर १,८५० लिहिले आहे आणि बिलात १,८५० अधिक १८ टक्के लावले आहेत, तर ते चूक आहे. त्याची तक्रार वैध मापन शास्त्र विभागाकडेही करता येते. लेबरवर मात्र जीएसटी वेगळा लागतो.

जीएसटी लावला असेल तर बिलावर पंधरा अंकी-अक्षरी क्रमांक हवाच. महाराष्ट्रातल्या गॅरेजचा तो २७ ने आणि गोव्यातल्याचा ३० ने सुरू होतो. नोंदणी नसलेल्या गॅरेजला जीएसटी घेताच येत नाही. हा क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की मालकाचे किंवा कंपनीचे कायदेशीर नाव दिसते. पाटीवर एक नाव आणि नोंदणी दुसऱ्याच नावाने, हे सर्रास आढळते, आणि तक्रार चुकीच्या नावाने केली तर पुढे सगळेच अडते. तेव्हा हे नाव आजच टिपून ठेवा. बिल मागूनही न देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथाच.

गाडी चालवून पाहिल्याशिवाय ‘काम समाधानकारक’ या छापील ओळीखाली सही करू नका. सहीशिवाय गेटपास देत नसतील तर सहीच्या वर हाताने लिहा: ‘गाडी तपासलेली नाही, हरकत राखून.’

गाडी अडवली तर

भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, ठरल्याप्रमाणे काम केलेल्या कारागिराला त्याची मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. हा हक्क खरा आहे. गॅरेजमध्ये जाऊन आरडाओरडा केल्याने तो जात नाही. पण तो ठरलेल्या कामाच्या पैशांपुरताच आहे. न सांगितलेल्या कामाचे, जुन्या दुसऱ्या गाडीच्या उधारीचे किंवा आधी न ठरलेले रोजचे पार्किंगभाडे वसूल करण्यासाठी गाडी अडवायला हे कलम आधार देत नाही. पार्किंगभाड्याची अट काही ठिकाणी जॉब कार्डाच्या मागे बारीक अक्षरात छापलेली असते, ती आधीच वाचा.

वादाची रक्कम परवडण्याजोगी असेल तर आमचा सल्ला स्पष्ट आहे: पैसे भरा आणि गाडी ताब्यात घ्या, पण बिलावर आणि त्याच दिवशी मेसेजवर लिहा, ‘जादा लावलेल्या अमुक रकमेला हरकत आहे, गाडी मिळावी म्हणून हरकत राखून रक्कम दिली.’ पैसे यूपीआयने किंवा चेकने द्या, रोख नको. हरकत न नोंदवता पूर्ण पैसे भरले की ‘तेव्हा काही बोलले नाहीत’ हा बचाव गॅरेजला आयता मिळतो. रक्कम फारच मोठी असेल तर आयोगात तक्रार करतानाच ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८(८) खाली अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता आदेश मागा. वादाची रक्कम आयोगात जमा करण्याची तयारी दाखवली तर मागणीला वजन येते.

गॅरेजमध्ये असताना गाडीचे नुकसान झाले, काही चोरीला गेले, तर ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ ही पाटी पुरेशी नाही. साधारण समंजस माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेतो तेवढी काळजी गॅरेजवाल्याने घ्यायलाच हवी, असे करार कायद्याचे कलम १५१ सांगते. २०१९ मध्ये एका हॉटेलच्या ताब्यातून चोरीला गेलेल्या गाडीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, अशा पाटीमागे लपून स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी टाळता येत नाही, असे म्हटले. गॅरेजच्या माणसाने स्वतःच्या कामासाठी गाडी फिरवली आणि ठोकली तर कलम १५४ लागू होते. अशा वेळी त्याची काळजी कमी पडली की नाही, हा मुद्दाच उरत नाही. सुरुवातीला टिपलेला ओडोमीटरचा आकडा इथे कामी येतो. विमा कंपनीला लगेच कळवा, कारण विमा तुमच्या नावाचा आहे आणि चालवणाऱ्याकडे परवाना होता का, हे विचारले जाणारच.

दुरुस्ती फसली तर आधी गाडी खोलू नका

इथेच सर्वात जास्त नुकसान होते. दोष परत आला की माणूस वैतागून दुसऱ्या गॅरेजमध्ये जातो, तिथला मेकॅनिक सगळे खोलून नवे भाग बसवतो, आणि पहिल्या गॅरेजची चूक दाखवणारा पुरावा भंगारात जातो.

उदाहरण क्लचचे घेऊ. नवा क्लच दीड हजार किलोमीटरमध्ये पुन्हा घसरू लागला. गॅरेज म्हणणार, ‘तुम्ही हाफ क्लचवर चालवता.’ आता प्लेट बाहेर काढताना काय दिसते त्यावर सगळे ठरते. प्लेट तेलकट असेल आणि क्रँकशाफ्टच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल झिरपत असेल, तर सील न बदलता फक्त प्लेट टाकली, ही गॅरेजची चूक दिसते. फ्लायव्हीलवर जुने खोल चरे तसेच असतील, किंवा बिलात पूर्ण क्लचसेट लावून प्रेशर प्लेट जुनीच बसवलेली असेल, तर तेही गॅरेजकडेच जाते. प्लेट कोरडी, जळलेली, प्रेशर प्लेट उष्णतेने निळी पडलेली असेल तर दोन शक्यता राहतात: चालवण्याची सवय, किंवा केबलला फ्री प्ले, म्हणजे थोडी मोकळी ढील, न ठेवल्याने क्लच सतत अर्धवट दाबलेला राहणे. म्हणून केबलचे ॲडजस्टमेंट खोलण्याआधी मोजून घ्यावे लागते. एकदा हलवले की ते गेले.

क्रम असा ठेवा. आधी त्याच गॅरेजला लेखी कळवून दोष दूर करण्याची संधी द्या. त्याने टाळले तर परवानाधारक विमा सर्व्हेअर किंवा ऑटोमोबाइल अभियंत्याकडून तपासणी ठरवा. तपासणीची तारीख, वेळ आणि जागा गॅरेजला तीन-चार दिवस आधी कळवा, ‘हजर राहावे’ असे लिहून. तो आला नाही तरी तुम्ही बोलावले होते, हे नोंदले जाते. खोलतानाचा व्हिडिओ काढा, अहवालावर तज्ज्ञाची सही, शिक्का आणि ओडोमीटरचा आकडा घ्या, काढलेले भाग पिशवीत सील करून ठेवा. मग खुशाल दुसरीकडे दुरुस्ती करा आणि बिल जपा.

नोटीस

वकिलाची गरज नाही. एक पान पुरते: ‘दिनांक अमुक रोजी तुमच्याकडे क्लचच्या कामाचे १६,४०० रुपये भरले (बिल क्रमांक अमुक). दिनांक अमुक रोजी तोच दोष पुन्हा आला. तपासणी अहवालानुसार ऑइल सीलची गळती न काढता प्लेट बदलली गेली. ही सेवेतील त्रुटी आहे. पंधरा दिवसांत १६,४०० रुपये, तपासणीचा खर्च आणि टॅक्सीभाडे मिळून अमुक रक्कम द्यावी. अन्यथा ग्राहक आयोगात तक्रार करू.’ शिव्या, धमक्या, ‘बदनामी करीन’ असले काही नको, ते तुमच्यावरच उलटते. स्पीड पोस्टने पाठवा, पोच जपा, तीच प्रत व्हॉट्सॲप आणि ईमेलवरही टाका.

याच काळात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर किंवा व्हॉट्सॲपसाठी ८८००००१९१५ वर, तक्रार नोंदवा. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरवर याचा परिणाम लवकर होतो. छोट्या गॅरेजवर कमी. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही आणि तिथली तक्रार म्हणजे आयोगातली तक्रार नव्हे.

आयोगात

दोष उद्भवल्यापासून दोन वर्षांत तक्रार व्हायला हवी. ‘पुढच्या आठवड्यात बघतो’ या आश्वासनांनी मुदत वाढत नाही. तुम्ही राहता किंवा नोकरीधंदा करता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, गॅरेज दुसऱ्या शहरात असले तरी. मुंबई-गोवा महामार्गावर बिघडलेल्या गाडीसाठी पुण्याच्या माणसाला कोकणात खेपा घालाव्या लागत नाहीत. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांकडून मार्गदर्शन मिळू शकते.

रिक्षा किंवा टॅक्सी स्वतः चालवून पोट भरणारा ग्राहकच असतो. ‘स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी’ हे शब्द तक्रारीत लिहायला विसरू नका. दहा गाड्या भाड्याने चालवणाऱ्या व्यावसायिकाला मात्र बहुधा दिवाणी न्यायालयच गाठावे लागते. गाडी वडिलांच्या नावावर असून मुलाने दुरुस्तीला दिली असेल तर दोघांनाही तक्रारदार करा.

सोबत जोडायचे: आरसी, जॉब कार्ड, बिल, पैसे दिल्याचा पुरावा, फोटो, अहवाल, नोटीस आणि तिची पोच, शपथपत्र. व्हॉट्सॲप संभाषणाच्या छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३(४) चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, प्रमाणपत्र द्या आणि फोनमधले मूळ मेसेज पुसू नका. सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीला प्रतिपक्ष करायचे ते भागातच दोष असेल तर; नुसते काम बिघडले असेल तर उगाच ओढू नका. मागणीही हिशेबाला धरून ठेवा. सोळा हजारांच्या कामासाठी दहा लाखांचा मानसिक त्रास मागितला की खऱ्या नुकसानीचाही विश्वास कमी होतो.

नोटीस आणि तक्रारीची प्रत मिळाल्यापासून गॅरेजला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते, फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे मुदत देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. कायद्यात निकालासाठी तीन महिने, चाचणी लागली तर पाच महिने धरले आहेत. प्रत्यक्षात जास्त लागतात, तेव्हा तडजोडीचा योग्य प्रस्ताव आला तर मध्यस्थीचा विचार जरूर करा.

निकाल तुमच्या बाजूने लागला आणि गॅरेजने ४५ दिवसांत अपील केले, तर त्याला आदेशातल्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, तर त्याच आयोगात ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ खाली वसुलीची दरखास्त आणि कलम ७२ खाली शिक्षेचा अर्ज करा. कलम ७२ मध्ये एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दरखास्तीसोबत गॅरेजच्या मालकाचे जीएसटीवरचे नाव-पत्ता आणि तुमच्या यूपीआय व्यवहारातून कळलेला त्याच्या खात्याचा तपशील द्या, म्हणजे जप्ती कशावर मागायची हा प्रश्न राहत नाही.