स्वस्तातलं अ‍ॅनालॉग डिले पेडल: स्टेजवर आणि रेकॉर्डिंगला कसं वापरायचं

नवीन डिले पेडल (गिटारचा सूर थोड्या वेळाने इको म्हणून परत ऐकवणारं) आणलं की बरेच जण टाइम (इको किती उशिरा), रिपीट (किती वेळा) आणि मिक्स (किती मोठ्याने) हे तिन्ही नॉब मधोमध ठेवून वाजवायला बसतात, आवाज गढूळ आला की पेडलला नावं ठेवतात. पण या पेडलचा स्वभाव एकदा कळला ना की अगदी साधं पेडलही खूप गोड वाजतं.

खऱ्या अ‍ॅनालॉग पेडलमध्ये बीबीडी चिप असते, म्हणजे बकेट ब्रिगेड. आग विझवायला रांगेत उभी राहिलेली माणसं पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात तसा सिग्नल हजारो बारीक कपॅसिटरमधून पुढे सरकतो. ही कल्पना १९६९ मध्ये फिलिप्सच्या लॅबमधून आली. ४०९६ टप्प्यांची एक चिप असेल तर साधारण ३०० मिलिसेकंदांपर्यंत डिले मिळतो, आणि टाइम वाढवाल तसं चिपचं क्लॉक हळू होतं, म्हणून वरचा ट्रेबल फिल्टर करून टाकावाच लागतो. त्यामुळे इको थोडा दबका येतो आणि मला तरी तोच आवडतो, कारण तो तुमच्या मूळ सुरावर चढत नाही, मागे राहतो. (अगदी स्वस्त पेडलमध्ये बऱ्याचदा पीटी२३९९ नावाची चिप असते, ती आतून डिजिटल आहे पण आवाज बराचसा तसाच उबदार, खालच्या स्टेप्स तिलाही चालतात.)

जोडणी आधी नीट करा. गिटार, ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारं पेडल) आणि मग डिले. डिस्टॉर्शन अँपचंच वापरत असाल तर पेडल अँपच्या इफेक्ट्स लूपमध्ये (सेंड आणि रिटर्न लिहिलेल्या जॅकमध्ये) लावा, नाहीतर सगळे इको डिस्टॉर्ट होऊन एकमेकांत कालवले जातात. पॉवर बहुतेक वेळा ९ व्होल्ट, मधली पिन निगेटिव्ह, पण पेडलवर काय छापलंय ते बघूनच लावा. घूं असा आवाज येत असेल तर डिलेला वेगळा सप्लाय देऊन बघा.

आता सेटिंग. मिक्स भरपूर वाढवा, रिपीट पूर्ण कमी. डावा हात तारांवर हलकाच ठेवून त्यांचा सूर बंद करा आणि पिकने एकदाच 'टक' वाजवा, मागून एकच 'टक' येईल. मेट्रोनोम चालू करून तो दुसरा टक ठेक्यात बसेपर्यंत टाइमचा नॉब अगदी हळूहळू फिरवा. हिशोब सोपा आहे, ६०,००० भागिले टेम्पो म्हणजे एका बीटचे मिलिसेकंद. टेम्पो १०० असेल तर एक बीट ६००, अर्धा बीट ३००, म्हणजे पेडलच्या आवाक्यात. गाणं त्याहून संथ असेल तर अर्धा बीट मावणार नाही, मग पाव बीटवर या. ठेक्याच्या भानगडीत पडायचंच नसेल तर १०० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा, रिपीट एकच, झाला स्लॅपबॅक, ऱ्हिदमला मस्त बसतो.

टाइम जमला की दोन-तीन इको ऐकू येतील एवढा रिपीट वाढवा आणि मिक्स सगळ्यात शेवटी कमी करत या. खोलीत एकट्याने ऐकताना जेवढा इको पुरेसा वाटतो तेवढा बँडमध्ये गायब होतो, त्यामुळे मिक्स बँडसोबत वाजवतानाच ठरवा. जागा सापडली की नॉबशेजारी चिकटपट्टीवर खूण करून ठेवा, बॅगेत नॉब फिरतातच.

रिपीट फार वाढवला तर इको विरण्याऐवजी वाढतच जातो, त्यावेळी टाइम फिरवला की सूरही वरखाली सरकतो. गाण्याच्या शेवटी हे भारी वाटतं, पण हात नॉबवरच ठेवा, आवाज फार पटकन चढतो.

रेकॉर्डिंगला शक्य असेल तर गिटारचा कोरडा (बिनइफेक्टचा) सिग्नल वेगळ्या ट्रॅकवर घ्याच, एकदा इकोसकट रेकॉर्ड झालं की तो काढता येत नाही. नंतर तोच ट्रॅक इंटरफेसच्या (गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या बॉक्सच्या) आउटपुटमधून पेडलला पाठवून परत रेकॉर्ड करायचा, फक्त आउटपुट लेव्हल पार खाली आणून सुरुवात करा कारण पेडलला गिटारएवढ्याच सिग्नलची सवय असते, रीअँप बॉक्स (इंटरफेसचा सिग्नल गिटारसारखा करून पेडलला देणारा) असेल तर उत्तम. मिक्स फुल केल्यावर तुमच्या पेडलमधून नुसता इको येत असेल तर कोरडी गिटार एका बाजूला आणि इको दुसऱ्या बाजूला पॅन करा, मोनो पेडलसुद्धा रुंद वाटायला लागतं. आणि शेवटचा सूर वाजवल्यावर लगेच स्टॉप दाबू नका, हात तारांवरून उचलून इको पूर्ण विरेपर्यंत थांबा.