नॅनोट्यूब-पॉलिमर फिल्मवर पीएचडी करायची आहे? आधी मोजायला शिका

एमएस्सी झालेली, नेट-गेटच्या तयारीतली मुलं विचारतात, "मॅडम, थर्मोइलेक्ट्रिकमध्ये स्कोप आहे का?" मी त्यांना उलट विचारते, मोजमापात रस आहे का? सँपल बनवायला हात लवकर बसतो. आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे कळायला वेळ लागतो आणि खरी पीएचडी तिथेच होते.

थर्मोइलेक्ट्रिक विषय थोडक्यात असा. पदार्थाचं एक टोक गरम आणि दुसरं थंड ठेवलं की व्होल्टेज तयार होतं. भौतिकशास्त्रज्ञ सीबेकने हा परिणाम १८२१ मध्ये पाहिला. एक केल्विन फरकाला मिळणारं व्होल्टेज म्हणजे सीबेक गुणांक. त्याचा वर्ग गुणिले विद्युतवाहकता म्हणजे पॉवर फॅक्टर. त्याला तापमानाने गुणलं आणि उष्णतावाहकतेने भागलं की झेडटी, म्हणजे पदार्थ उष्णतेतून वीज किती चांगली बनवतो याचं माप. बिस्मथ टेल्युराइडचा झेडटी खोलीच्या तापमानाला १ च्या आसपास असतो, पण तो ठिसूळ आणि टेल्युरियम दुर्मिळ. पॉलिमर वाकतो, शाईसारखा छापता येतो, उष्णता मुळातच कमी वाहतो. विजेची वाट त्याला नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, करून देतात.

सुटी नॅनोट्यूब तर उष्णतेची उत्तम वाहक आहे, मग ती मिसळून फायदा काय? मुलाखतीत हा प्रश्न विचारला जातो आणि उत्तर सांध्यांत आहे. फिल्ममध्ये ट्यूब एकमेकींना टेकतात तिथे मध्ये पॉलिमरचा पातळ थर असतो. इलेक्ट्रॉन तो ओलांडतात; उष्णता वाहणारी कंपनं तिथे अडतात. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या गटाने २००८ मध्ये पॉलिव्हिनाइल ॲसिटेटच्या इमल्शनमध्ये हेच दाखवलं. नॅनोट्यूब वाढवल्या तशी विद्युतवाहकता वाढत गेली, सीबेक गुणांक आणि उष्णतावाहकता मात्र फारशी हलली नाही. झेडटी जेमतेम ०.००६ होता, तरी माझ्याकडे येणाऱ्याला मी आधी हाच पेपर वाचायला देते.

सॉनिकेशनबद्दल (ध्वनिलहरींनी ट्यूब द्रवात सुट्या करणं) एवढंच: कमी केलंत तर गुठळ्या राहतात, जास्त केलंत तर ट्यूब तुटून आखूड होतात. भांडं बर्फात ठेवा आणि वेळ-पॉवर वहीत लिहा.

आता मोजमाप. सीबेकसाठी एका तापमान-फरकाचं एकच रीडिंग घेऊन भागाकार करू नका. फरक थोडा थोडा वाढवा, प्रत्येक वेळी तापमान स्थिर होऊ द्या आणि ग्राफचा उतार घ्या; म्हणजे वायरींमधलं कायम असणारं जास्तीचं व्होल्टेज आपोआप वगळलं जातं. नवा सेटअप लावला की आधी निकेल किंवा कॉन्स्टंटनची पट्टी मोजा. निकेलला साधारण उणे २० आणि कॉन्स्टंटनला उणे ४० मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन यायला हवेत. ते येत नसतील तर तुमच्या फिल्मचा आकडा कुणाला दाखवू नका.

पेडॉट-पीएसएस हा वीज वाहणारा पॉलिमर वापरत असाल तर खोलीतली आर्द्रता नोंदवा. पावसाळ्यात आपल्याकडे हे फार जाणवतं. ओलसर फिल्ममध्ये आयनही सरकतात, व्होल्टेज एकदम मोठं दिसतं आणि थांबून पाहिलं तर उतरत जातं. ते पहिलं रीडिंग पॉवर फॅक्टरमध्ये घातलं, तर वर्ग होत असल्याने फुगवटाही वर्गाने वाढतो. जाडीचंही तसंच बघा. प्रोफाइलोमीटरने (जाडी मोजायचं उपकरण) ती अनेक ठिकाणी मोजा, कारण वाहकता थेट तिच्यावर अवलंबून असते.

सगळ्यात जास्त पाणी मुरतं ते दिशेत. ट्यूब फिल्मच्या पातळीत आडव्या पडतात. वीज त्या पातळीत मोजली आणि उष्णता जाडीच्या दिशेने मोजली, तर झेडटी दिसायला सुंदर येतो, पण त्याला अर्थ नसतो. त्यामुळे लॅब निवडताना तिथल्या सीनिअर मुलांना हे विचाराच: उष्णतावाहकता कोणत्या दिशेत मोजता? ते उपकरण आपलं आहे की सँपल बाहेर पाठवावं लागतं?

विषय अजून ठरला नसेल तर एन-टाइपकडे, म्हणजे इलेक्ट्रॉनमुळे वीज वाहणाऱ्या पदार्थांकडे, बघा. हवेतल्या ऑक्सिजनमुळे नॅनोट्यूब आपसूक पी-टाइप होतात, म्हणजे त्यांत वीज धन भारामुळे वाहते. पॉलिएथिलीनइमाइन हा पॉलिमर लावून एन-टाइप मिळतो, पण उघड्या हवेत तो टिकवणं अवघड जातं. जनरेटरला दोन्ही प्रकारच्या पट्ट्या लागतात, त्यामुळे इथे करण्यासारखं काम भरपूर आहे. आणि तेच सँपल काही महिन्यांनी पुन्हा मोजायची तयारी असणाऱ्यांची इथे फार गरज आहे.