दारुमा घरी करायचा तर

आमच्या खानापूरच्या घरात तीन पिढ्या गणपतीच्या मूर्ती होतात. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, आणि ती वडिलांनीच करायची. म्हणून जपानी दारुमा बाहुलीचे कोरे डोळे पाहिले तेव्हा ते माझ्या मनातून जाईनात. दारुमा म्हणजे दक्षिण भारतातून चीनला गेलेला बौद्ध भिक्षू बोधिधर्म. नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून बसला, हातपाय झडून गेले, अशी कथा. म्हणून त्याला हातपाय करायचे नाहीत.

जपानातल्या ताकासाकी शहरात पूर्वी लाकडी साच्यावर कागद चढवत. आपण शाडूचा, नारळाएवढा, बुडाला रुंद गोळा करून कडक वाळवू. कागदाचा पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवून लावा, नाहीतर साचा सुटत नाही. वर चिंचोक्याच्या खळीत बुडवलेले सहा-सात थर. श्रावणात हे काम काढू नका, आमच्याकडच्या पावसात कागदाला बुरशी धरते. वाळला की दोन्ही बाजूंनी ब्लेडने चिरून गोळा काढा, चीर कागदाच्या पट्टीने सांधा. बुडाशी आतून शाडूची जाड चकती बसवा. ढकलला तरी दारुमा उठून बसला पाहिजे, तोच त्याचा धर्म.

तिकडे शिंपल्यांच्या भुकटीचा पांढरा हात देतात. खडूची भुकटी आणि डिंकानेही जमतं. मग लाल. चेहरा पांढराच ठेवा. भुवया क्रौंच पक्ष्यासारख्या, दाढीमिशा कासवासारख्या, दोन्ही दीर्घायुष्याची चिन्हं.

आता डोळे. घाई करू नका. ७५२ साली जपानातल्या नारा इथल्या सुमारे १५ मीटर उंच बुद्धमूर्तीचे डोळे भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्षूने कुंचल्याने बुबुळं रंगवून उघडले. त्याच्या कुंचल्याला दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्यांनी त्या हातात धरल्या होत्या. म्हणजे डोळा एकाच्या हातून उघडला, पण सगळ्यांचा हात त्याला लागला. आमच्या कारखान्यात आखणीच्या वेळी कुणी बोलत नाही, ते मला तेव्हा नव्याने कळलं.

दारुमाचा एक डोळा, बहुतेक ठिकाणी त्याचा डावा, इच्छा मनात धरून भरायचा. काम झालं की दुसरा. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी डावा भरला. ती काठीशिवाय विहिरीपर्यंत गेली त्या सकाळी उजवा तिच्याच हातून भरून घेतला. रेघ थरथरली आहे, तशीच ठेवली.

तिकडे वर्ष सरलं की जुने दारुमा देवळात नेऊन जाळतात. हा मात्र मी अजून फळीवरून काढलेला नाही.