कार्ब्युरेटरवाल्या रेप्लिका गाडीला इंधन पंप घेताना

कोब्रा किंवा लोटस सेव्हन या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांची रेप्लिका (हुबेहूब नक्कल) चोर्ला घाट चढताना गुदमरली की लोक सरळ जास्त दाबाचा पंप बसवतात. तिथेच घोळ होतो.

१. इंजेक्शन गाडीचा पंप नकोच. त्याचा दाब ४० पीएसआयच्या (दाबाचं एकक) घरात. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल भरलं की वाट बंद करणारी फ्लोटची सुई तो दाब अडवू शकत नाही आणि कार्ब्युरेटर उतू जातो. वेबर डीसीओई कार्ब्युरेटरला ३ ते ३.५ पीएसआय पुरे, होली कंपनीच्या कार्ब्युरेटरला साधारण ५ ते ७.

२. इलेक्ट्रिक पंप ढकलतो छान, ओढताना रडतो. म्हणून टाकीजवळ, शक्यतो तिच्या तळाच्या पातळीला बसवा, पंपाच्या आधी फिल्टर. बॉनेटखाली, तेही गोव्याच्या मे महिन्यात, पेट्रोलची वाफच व्हायची.

३. नळ्या ई२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) चालणाऱ्याच घ्या.

धडकेत पंपाची वीज तोडणारा इनर्शिया स्विच मात्र टाळू नका. तो नसेल तर नळी तुटली तरी पंप पेट्रोल ओततच राहतो.